नव्वद टक्क्यांवरचे आप्पा

जानेवारीतली पहाट, साडेपाच-पावणेसहाची वेळ. वारज्याच्या सर्व्हिस रोडवर लोक कानटोपी, मफलर, दोन-दोन स्वेटर असा सगळा संसार अंगावर चढवून फिरायला निघालेले. आणि अशा थंडीत रस्त्याकडेच्या चार्जिंगच्या डब्याशी एक पांढरी मोटार उभी. दिवे लागलेले, एसी पूर्ण वेगात, चारही काचा खाली. आत कोणी नाही. मालक बाहेर फूटपाथवर, घडीच्या स्टुलावर घोंगडी पांघरून बसलेले.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला गाडीतलं काही कळत नसावं. मी शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाले, "काका, तुमचा एसी चालू राहिलाय."

"ऱ्हाऊ द्या."

"काचाही उघड्या आहेत."

"मीच उघडल्यात."

"आणि दिवे."

"म्याडम," ते शांतपणे म्हणाले, "गाडी माझी हाय."

माझं सगळं आयुष्य पुण्यात गेलंय. दुकानदारांनी, रिक्षावाल्यांनी आणि सख्ख्या आत्याने मला वेळोवेळी गप्प केलेलं आहे. पण चार शब्दांत आणि आवाज न चढवता हे कोणाला जमलं नव्हतं. मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला आणि त्याच क्षणापासून त्यांच्यावर डूख धरला.

हे आप्पा. मूळचे वारज्याचेच, म्हणजे आम्ही राहायला यायच्या आधीच्या वारज्याचे. आमची सोसायटी, शेजारचं मंगल कार्यालय, मेडिकलचं दुकान आणि हा सर्व्हिस रोड, सगळं एके काळी त्यांच्या भावकीच्या शेतात होतं. शेतं गेली, आप्पांच्या वाट्याला तीन इमारती आल्या, आणि भाड्यावर त्यांचं उत्तम चाललंय. मागच्याच गल्लीत त्यांचा बंगला आहे. बंगल्याच्या पोर्चमध्ये, हे नीट ऐका, स्वतःचा चार्जिंग पॉइंट आहे. गाडीबरोबर फुकट बसवून मिळालेला. तिथे भरलेली वीज रस्त्यावरच्या विजेच्या एक तृतीयांश दरात पडते. तर त्या पॉइंटवर आप्पांनी सिमेंटची रिकामी गोणी घातलेली आहे आणि स्वतः रोज पहाटे तिप्पट पैसे मोजून रस्त्यावर येऊन बसतात.

मला याचा राग यायचं काही कारण नव्हतं. कारण फक्त एवढंच, की तसाच एक पॉइंट मिळावा म्हणून मी सोसायटीत चपला झिजवल्या होत्या. आमच्या चेअरमननी त्यावर तीन बैठका घेतल्या. पहिलीत आग लागण्याच्या शक्यतेवर चर्चा झाली, दुसरीत विजेच्या भारावर. तिसरीत कोणीतरी म्हणालं, "आज यांना दिला तर उद्या सगळेच मागतील," आणि हा विचार इतका खोल वाटला की परवानगी एकमताने नाकारण्यात आली. जिन्यात पावसाळाभर पाणी गळतं, त्यावर अजून एकही बैठक झालेली नाही. गळती सगळ्यांनाच मिळते, त्यामुळे वाद नसावा.

आम्ही नवराबायकोने रीतसर विचार करून विजेची गाडी घेतली होती. पेट्रोल नको, धूर नको, हिंजवडीच्या कोंडीत तासभर अडकलं तरी इंजिनाची घरघर नको. विचार उत्तम होता. फक्त त्यात वीज घरची धरली होती. चेअरमनच्या कृपेने माझी गाडी रस्त्यावर आली, आणि मीही.

रस्त्यावरच्या त्या डब्याविषयी थोडं सांगायला हवं. तो एका कंपनीने बसवला आहे. नाव सांगत नाही. ते लोक तक्रारीचा फोन उचलत नाहीत, पण बदनामीचा दावा लावायला तत्परतेने उचलतील. डब्याला दोन नळ्या आहेत. डावी नळी उद्घाटनाच्या दिवशी चालली होती असं म्हणतात. हल्ली तिच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली असते. उजवी चालते, म्हणजे तिची इच्छा असेल तेव्हा. ॲपवर मात्र दोन्ही नळ्या सदैव 'उपलब्ध' असतात. वीज गेली तरी उपलब्ध, समोर भेळेची गाडी लावलेली असली तरी उपलब्ध. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे, पण ॲपला नाही. ते गुरुवारीही हिरवंगार.

प्रत्यक्ष चार्जिंग करायचं तर आधी ॲपच्या पाकिटात पाचशे रुपये भरायचे. मग ओटीपी. मग नळी लावायची. मग 'गाडीशी संपर्क होऊ शकत नाही' असा संदेश येतो, म्हणजे आपण हातात नळी धरून गाडीला चिकटून उभे असतानाच. मग नळी काढून पुन्हा लावायची. विसाव्या मिनिटाला सुरू होतं, पंचविसाव्याला बंद पडतं. दर अधूनमधून वाढतो. तो वाढल्याचं कळवायची कंपनीची पद्धत म्हणजे वाढीव पैसे कापून घेणं. बाकी उरलेले त्रेचाळीस रुपये परत मिळत नाहीत. अशी पाच कंपन्यांची पाच ॲप्स माझ्या फोनवर आहेत आणि प्रत्येकात माझे थोडे थोडे पैसे सुखाने नांदताहेत.

आप्पा ॲपकडे ढुंकूनही बघत नसत. सुनेने फोनमध्ये काय ते बसवून दिलं होतं, तेवढं एक बटण त्यांना येई. डब्याला ते 'मोटर' म्हणत. आले की आधी डब्याच्या पाठीवर उलटा हात ठेवत, मग कान लावत. "घरघरतीया. आज चालंल." नाहीतर, "गार हाय. जावा म्याडम, हापिसात बसा." वर्षभरात त्यांचा हा उलटा हात एकदाही चुकला नाही. शेतातली मोटर चालवण्यात हयात गेलेली, त्यामुळे विजेवर त्यांचा विश्वास असा कधी नव्हताच. ती आली तर आली. "लाईट हाय का?" हा त्यांचा नमस्कार, आणि "लाईट हाय तवर भरून घ्या" हा निरोप.

एकदा डबा अर्ध्यात बंद पडला म्हणून त्यांनी माझ्यासमोर हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडून एक मुलगा हिंदीत म्हणाला, "सर, यहाँ से सब ठीक दिख रहा है."

"कहाँ से?" आप्पांनी विचारलं.

"सर, नोएडा से."

"तुम्हारे उधर लाईट है क्या?"

"है सर."

"फिर ठीकच दिखेगा ना बाळा," आप्पा म्हणाले आणि फोन ठेवला. मला त्या दिवशी ते आवडले होते, हे मी कबूल करते. पण दुसऱ्याच दिवशी पुन्हा एसी चालू, काचा खाली, आणि मी बारा टक्क्यांवर मागे उभी.

कारण भांडण नळीचं होतं. चालू नळी एक, आणि आठच्या आत मला हिंजवडीच्या रस्त्याला लागायचं. मी सहाला पोचले की आप्पा आधीपासून ठाण मांडून असत. त्यांच्या पडद्यावर आकडा बघावा तर नव्वद. ज्यांच्याकडे ही गाडी नाही त्यांच्यासाठी सांगते: ऐंशी टक्क्यांनंतर गाडी वीज अगदी सावकाश घेते, म्हणून ऐंशी झाले की नळी सोडून पुढच्याला द्यायची असा जगभरचा शिष्टाचार आहे. आप्पा ऐंशीला सोडत नसत, ते नव्वदला सुरुवात करत. आणि भरीला तो एसी. म्हणजे एका बाजूने थेंब थेंब वीज आत येतेय आणि दुसऱ्या बाजूने ती वारज्याच्या थंडीला आणखी थंड करण्यात जातेय.

मी त्यांना ऐंशी टक्क्यांचा शिष्टाचार समजावून सांगितला. अगदी आकृती काढून.

"हौद काय पाऊण भरत्यात व्हय?" आप्पा म्हणाले.

"पण मागे लोक थांबलेत ना!"

"थांबा की. माझी बारी हाय."

बारी म्हणजे नंबर. विहिरीवर पाणी घ्यायची प्रत्येकाची ठरलेली वेळ, तिला हे लोक बारी म्हणतात. आप्पांच्या तोंडी हा शब्द दिवसातून वीस वेळा यायचा, आणि दरवेळी बारी त्यांचीच असायची.

विहिरीचं मला दसऱ्याच्या सुमाराला कळलं. खंडेनवमीला पहाटे येऊन बघते तर डब्याला झेंडूची माळ, पडद्यावर हळदकुंकवाची पाच बोटं आणि पायाशी पानसुपारी. आप्पा नारळ हातात घेऊन उभे. मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत त्यांनी तो डब्याच्याच कडेवर फोडला. पाणी थेट कार्ड लावायच्या खाचेत. डब्याने 'टुक्' असा एक आवाज काढला आणि नऊ दिवस मौन पाळलं. कंपनीचा माणूस आला, खाच उघडून हुंगली, आणि बिघाडाच्या कारणासमोर काय लिहावं म्हणून बराच वेळ डोकं खाजवत बसला. ॲपवर नऊही दिवस दोन्ही नळ्या उपलब्ध होत्या.

"मोटरची पूजा करतात का कुणी अशी?" मी चिडून विचारलं.

"दर साली करतो. पहिल्यापास्नं हितंच करतो," आप्पा म्हणाले. "ह्या डब्याच्या बुडाखाली माझी विहीर हाय."

"होती."

"बुजवली म्हनून काय झालं? खाली हायच की." मग नारळाची शकलं उचलता उचलता म्हणाले, "दोघा भावांत एक विहीर, एक मोटर. निम्मी बारी माझी, निम्मी धाकट्याची."

"धाकटे कुठे असतात?"

"आसतो."

एवढं बोलून त्यांनी घोंगडी कानावर ओढली. मीही पुढे विचारलं नाही, मला नळीची चिंता होती.

आता खरा राग कशाचा ते सांगते. रोज साडेसहाच्या सुमाराला पुलाखालून एक टॅक्सी यायची. हिरव्या पाटीवर पिवळे आकडे, म्हणजे भाड्याची विजेवरची गाडी. ती वळणावर दिसली रे दिसली की इतका वेळ दगडासारखे बसलेले आप्पा टुणकन उठत. बटण दाबत, नळी काढून जागेवर अडकवत, काचा वर, दिवे बंद, स्टूल डिकीत, आणि गाडी काढून सरळ चालते होत. टॅक्सीकडे बघतसुद्धा नसत. टॅक्सीवाला त्याच जागेत गाडी घालून नळी लावे. तोही इकडे-तिकडे बघत नसे. आणि मी, सहापासून रांगेत उभी असलेली मी, बघत राही.

पहिल्या दिवशी मी उतरून गेले. "माझा नंबर आहे," म्हटलं.

टॅक्सीवाला पन्नाशीतला, वाळलेला माणूस. विझल्या आवाजात म्हणाला, "तुमाला आधी घ्यायचं तर घ्या म्याडम. पर रातपाळीच्या पोरी सोडून आलोय, शेवटची विश्रांतवाडीला. गाडीत धा टक्के हायत. साडेसातला हिंजवडीत लावायची हाय. उशीर झाला तर कंत्राटदार दिवसाचं कापतो. तीनदा झाला की गाडी दुसऱ्याला देतो. माझे दोन झाल्यात."

मी नंबर सोडला. त्यानंतर काही दिवस मी साडेसातला येऊन पाहिलं, त्यामुळे ऑफिसला उशिरा पोचायला लागले, आणि माझ्या साहेबाने माझ्यासाठी 'वेळेचं नियोजन' या विषयावर एक प्रशिक्षण लावलं. ते साहेबाने स्वतः अर्धा तास उशिरा सुरू केलं. 

तिथे बसल्या बसल्या माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही टोळी आहे! म्हातारा पहाटेपासून नंबर धरून ठेवतो आणि टॅक्सीवाल्याकडून पैसे घेतो. म्हणून तर नव्वदला सुरुवात, म्हणून तो एसी. गाडी पूर्ण भरली की नळी सोडावी लागते, नाहीतर कंपनी मिनिटाला दंड लावते. तेव्हा गाडी भरूच द्यायची नाही. इकडून घ्यायचं, तिकडून घालवायचं. तीन इमारतींचा मालक आणि ही हाव! एकमेकांकडे न बघण्याची सफाई तर अशी, की सराईत खिसेकापूही शिकवणी लावतील. मी सोसायटीच्या ग्रुपवर हे सगळं सविस्तर लिहिलं. लोकांना फार आवडलं. त्या दिवसापासून आप्पांना आमच्याकडे 'एजंट' म्हणायला लागले, आणि हे नाव मी ठेवलंय याचा मला अभिमान होता.

पुन्हा सहाची रांग धरल्यावर एकदा मी तोंडावरच विचारलं. "आप्पा, किती मिळतात हो?"

"कशाचं?"

"नंबर धरायचे."

आप्पांनी घोंगडी सारखी केली. मग म्हणाले, "लय मिळतं, म्याडम." आणि आत हात घालून एसी आणखी एक आकडा वाढवला.

मग डिसेंबरातला तो सोमवार आला. मी सहाला पोचले तर जागा रिकामी. गाडी नाही, स्टूल नाही, घोंगडी नाही. उजवी नळी मोकळी आणि डबा घरघरतोय. मला एवढा आनंद झाला की मी पहिल्याच प्रयत्नात नळी लावली आणि ती पहिल्याच प्रयत्नात चालली. अठरा टक्क्यांपासून आकडा वर चढताना बघत मी थर्मासमधला चहा प्याले.

साडेसहाला टॅक्सी आली. माणूस खाली उतरला. त्याने माझ्या गाडीकडे पाहिलं, मग फूटपाथकडे, मग वळणाकडे. परत फूटपाथकडे. त्याचा तिसरा उशीर आज होणार हे मला कळत होतं, आणि त्यालाही. पण तो त्याबद्दल बोललाच नाही.

"ते आलं न्हाईत आज?"

"कोण ते?"

"ते... घोंगडीवालं."

मी वर्षभर साठवलेलं सगळं विष एका वाक्यात ओतलं. "तुमचे एजंट आज रजेवर दिसतात."

तो माझ्याकडे वळला. एरवी खाली मान घालून बोलणारा माणूस, पण आता त्याने सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"एजंट न्हाईत," तो म्हणाला. "थोरलं हायत माझं."

त्यानंतर मला ते दिसलं. दोघांच्या जुळलेल्या भुवया, बोलण्याआधी ओठ आवळायची लकब. रोज पाच फुटांवरून दिसत होतं आणि मी पैसे शोधत होते. मी बटण दाबलं. चौतीस टक्क्यांवर. नळी काढून त्याच्या हातात दिली. त्याने ती लावली, डबा सुरू झाला, आणि मग डब्याकडेच तोंड करून तो म्हणाला, "आजारी-बिजारी न्हाईत ना, तेवढं इचारून घ्याल का? मागच्या गल्लीत बंगला हाय. मी इचारलं म्हनून सांगू नका."

त्या दिवशी हिंजवडीपर्यंत मी गाडीत गाणी लावली नाहीत. मला स्वतःची लाज वाटत होती आणि ती लाज कोणत्याही ग्रुपवर टाकता येण्यासारखी नव्हती.

संध्याकाळी बंगल्यावर गेले. पोर्चमध्ये आप्पा खुर्चीवर बसले होते, डोळ्यांवर हिरव्या काचांचा मोठा चष्मा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. शेजारी गोणी पांघरलेला चार्जिंग पॉइंट. माझा आवाज ऐकताच त्यांनी तब्येतीचं वगैरे काही बोलू दिलं नाही.

"मोटर चालू व्हती का आज?"

"होती."

"बारीला कोन व्हतं?"

"मी."

त्यांचा चेहरा पडला. "आनि मग?"

"मग टॅक्सी आली. मी काढली आणि त्यांना दिली."

आप्पांनी श्वास सोडला. सुनेला हाक मारून माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला. मग, मी काही विचारलेलं नसताना, सांगायला लागले.

"उन्हाळा व्हता. लाईट आठ तास यायची. चार तास मी, चार तास बबन. एक दिस माझं चार झालं, पर फ्लॉवरचं दोन वाफं राहिलं व्हतं. म्हनलं अजून थोडं. त्यो बांधावर हुबा. थोरला म्हनून बोलला न्हाय काय. मी मोटर बंद केली न्हाय. आठवडाभर तसंच केलं म्याडम. फ्लॉवरला भाव व्हता त्या साली. त्याचा कांदा जाग्यावर वाळला." त्यांनी चष्म्याखाली बोट घातलं आणि डॉक्टरांचं आठवून पुन्हा बाहेर काढलं. "मी त्याची बारी खाल्ली. तवापास्नं बोलत न्हाय. जमीन इकली, सही करून गेला, तोंड वर केलं न्हाय. पैका त्याला टिकला न्हाय. मी द्यायला गेलो तर दार लावून घेतो. त्याच्या घरात जाता येत न्हाय, माझ्या घरात त्यो येत न्हाय. ह्यो एक डबा हाय, हितं त्याला मला हटकता येत न्हाय. सरकारी रस्ता हाय."

"म्हणून घरी गाडी भरत नाही तुम्ही?"

"घरी भरली तर हितं यायला कारन काय ऱ्हायलं? रोज संध्याकाळी खडकवासल्यापत्तर जाऊन येतो, धा टक्के उतरवायला."

रोज संध्याकाळी एकटा माणूस विनाकारण धरणापर्यंत गाडी हाकतो, बॅटरी थोडी रिकामी व्हावी म्हणून. आम्ही त्याला खडकवासल्याच्या रस्त्यावर बघून हसलो होतो, "एजंट भाड्यावर निघाले" म्हणून. मला रडू आलं. चहात साखर जास्त आहे असं सांगून मी ते निभावून नेलं.

डॉक्टरांनी महिनाभर गाडी चालवायची नाही असं बजावलं होतं. ते आप्पांनी चारदा सांगितलं. पाचव्यांदा सांगताना त्यांनी हात जोडले, आणि ज्या माणसाने मला वर्षभर रांगेत उभं केलं होतं तो म्हणाला, "तुमी लावत जाल का? साडेपाचला. त्यो आला की काढा. आनि त्याला कळू देऊ नका."

मी भांडायला निघालेली बाई, परत आले ती बिनपगारी राखणदार होऊन. नवऱ्याने विचारलं, "साडेपाचला? तू?" मी गजर लावला. पहिले दोन दिवस सोपे गेले, गाडी रिकामीच होती. तिसऱ्या दिवशी माझीही नव्वदला पोचली. पुढे मी काय केलं ते सांगत नाही. फिरायला येणाऱ्या आमच्या चेअरमननी थांबून, अत्यंत गोड आवाजात, मला सांगितलं की माझ्या काचा उघड्या आहेत.

मोतीबिंदूचं मी बबनरावांना पहिल्याच दिवशी सांगितलं, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. पुढे ते रोज यायचे, नळी लावायचे, एक शब्द बोलायचे नाहीत. पाचव्या दिवशी मी गाडी काढत असताना ते माझ्या खिडकीशी आले.

"आंघोळीला डोळ्यात पानी जाऊ देऊ नका म्हनावं. माझ्या सासऱ्याचं तसंच बिघाडलं व्हतं." मग भुवया जुळवून, "मी सांगितलं म्हनून सांगू नका."

मी संध्याकाळी जाऊन जसंच्या तसं सांगितलं, 'सांगू नका'सकट. आता निरोप्याचं काम करायचं तर पूर्ण करावं.

आप्पा खुर्चीत सरळ झाले. "आसं म्हनला? पानी जाऊ देऊ नका म्हनला?"

"हो."

"आनि काय म्हनला?"

"बस, एवढंच."

"आसं कसं एवढंच? नीट आठवा."

आठवण्यासारखं काही नव्हतंच. खोटं मी फक्त ऑफिसात बोलते, पण त्या हिरव्या काचा माझ्याकडे लागलेल्या होत्या. "जेवण नीट जातंय का, विचारत होते."

"जेवान म्हनला?"

"हो. जेवण."

आप्पा बराच वेळ मान हलवत राहिले. बाहेर गल्लीतून कोणाचीतरी स्कूटर गेली, सुनेने आत कुकर लावला, त्याच्या दोन शिट्ट्या झाल्या. मग ते माझ्याकडे झुकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "त्याला म्हनावं, आप्पा उद्या पहाटं येनार हायत. गाडी न्हाय. नुसतं चालत." आणि मी उठून फाटकापर्यंत पोचले तेव्हा मागून हाक आली, "म्याडम, मी सांगितलं म्हनून सांगा."